बाईंचे एकोणचाळीस लेख

आमच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना त्यांच्या माघारी सगळे 'उलटतपासणी' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं याचा मी एकदा छडा लावायला गेले, तर तो माझ्याच बॅचपर्यंत, आणि खरं सांगायचं तर माझ्याच तोंडापर्यंत येऊन थांबला. मग मी तपास बंद केला.

मी तेव्हा बालरोग विभागात नवी नवी रुजू झाले होते. सकाळच्या राउंडला सरांनी सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केली आणि 'उद्या लेख वाचून या' म्हणून पिटाळलं. ग्रंथालय रक्तपेढीच्या मागच्या अंगाला, अर्धं जमिनीखाली. खिडक्या इतक्या उंचावर की बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. बाई त्या पायांवरून माणूस ओळखत. माझे पाय त्यांना अजून ओळखीचे नव्हते.

"लहान मुलांच्या खोकल्यावर काय असेल ते द्या," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "लहान म्हणजे किती लहान?"

"लहान म्हणजे... मुलं."

"अंगावर पिणारं, की शाळेत जाणारं?"

"दोन वर्षांचं."

"खोकला किती दिवसांचा? आणि तुम्हाला औषध द्यायचंय, की नाही दिलं तर चालेल का ते बघायचंय?"

"बाई, खोकला मला नाही झालेला. मला फक्त लेख हवेत."

"आहेत ना. चौदा हजार आहेत. सगळे बांधून देऊ का?"

अर्ध्या तासाने माझ्या हातात सहा लेख होते, आणि मला नक्की काय विचारायचं होतं ते मलाच पहिल्यांदा कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी माझं ऐकून मान हलवली. आमच्या सरांची मान वर्षातून दोनदा हलायची, त्यातली एक मला मिळाली. त्याबद्दल बाईंचे आभार मानायला जाण्याऐवजी मी कँटीनमध्ये बसून त्यांची नक्कल केली आणि ते नाव ठेवलं. माणूस म्हणून मी तेव्हा अशी होते.

बाई डॉक्टर नव्हत्या. सुई बघितली तरी त्यांना घाम फुटायचा. स्वतःचं रक्त तपासायला देताना त्या भिंतीकडे तोंड करून बसत. तेहेतीस वर्षं नोकरी झाली, पण वॉर्डाचा जिना त्या कधी चढल्या नव्हत्या. पण कुठल्या आजाराला कुठल्या काळात काय म्हणत, कुठल्या देशातले डॉक्टर एखाद्या औषधाला कुठल्या नावाने ओळखतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. आम्ही एका नावाने शोधत बसायचो आणि हात हलवत परत यायचो. बाई कॉम्प्युटरवर पाच नावं टाकायच्या आणि ढीग समोर ठेवायच्या.

त्यांची खरी दौलत म्हणजे शोधवही. निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या जाडजूड वह्या, एकामागोमाग एक, काचेच्या कपाटात. कुणीही काहीही शोधायला आलं की बाई त्यात लिहीत: तारीख, कोण आलं, प्रश्न काय, कुठे शोधलं, कुठले शब्द टाकले, आणि शेवटच्या रकान्यात 'सापडले', त्यात आकडा. मशीन सगळं साठवून ठेवतं हे त्यांना कुणी सांगितलं तर म्हणत, "मशीन काय केलं ते सांगतं. का केलं ते सांगत नाही." आणि एक नेम होता. कुठलाही महत्त्वाचा शोध दुसऱ्याच्या हाती सोपवण्याआधी तो पुन्हा एकदा, पहिल्यापासून, तसाच चालवून बघायचा.

घरीही हेच. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, घराच्याच बाहेरच्या खोलीत. मितभाषी माणूस. चहात साखर कमी आहे म्हणाले, तर बाई विचारत, कालच्यापेक्षा कमी की नेहमीपेक्षा? लेकीने एकदा घरी येऊन सांगितलं, आई, मुलगा चांगला आहे. बाई म्हणाल्या, "चांगला म्हणजे कशाच्या तुलनेत?" लेक तीन दिवस बोलली नाही. लग्न झालं, जावई खरोखरच चांगला निघाला, पण त्या प्रश्नाचं उत्तर बाईंना अजून मिळालेलं नाही असं यजमान मला हळूच सांगत.

मी पुढे त्याच विभागात शिकवायला लागले आणि मला संशोधनाचं वेड लागलं. तान्ह्या मुलांना छाती भरून धाप लागते, त्यावर एक औषध द्यावं की देऊ नये याबद्दल डॉक्टरांत कायमची भांडणं. मी ठरवलं, या एका प्रश्नावर जगात जे जे छापून आलंय ते सगळं गोळा करायचं, पारखायचं आणि एकदाचा निकाल लावायचा. अशा आढाव्यात सगळा खेळ शोधावर असतो. जे सापडलंच नाही ते पारखणार कसं? बाईंनी दीड महिना त्यासाठी डोळ्यांत तेल घालून काम केलं. मी मात्र रोज दुपारी जाऊन त्यांच्या डोक्यावर बसायचे. झालं का? अजून किती? एकदा ढिगात उंदरांवरचे आणि सशांवरचे प्रयोग इतके निघाले की माझा पारा चढला. "हे आधी काढा. मला उंदीर नकोत," मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काढले.

आढावा लिहून झाला. शेवटी आभाराची ओळ असते, तिथे मी टाकलं, 'महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे आभार.' बाईंनी कच्ची प्रत वाचली. सगळ्या चुका दाखवून झाल्यावर, प्रत परत देताना, त्या म्हणाल्या, "डॉक्टर, शोध मी केला असं कुठे लिहिता येईल का? माझ्या नावाने?"

"बाई, तशी पद्धत नाही हो," मी म्हटलं. "आणि ग्रंथालय म्हणजे तुम्हीच ना."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवरची उशी सारखी करायला लागल्या.

तशी पद्धत होती. पुष्कळ ठिकाणी होती. मला ती माहीत नव्हती, आणि माहीत करून घ्यावी असंही वाटलं नव्हतं.

आढावा छापून आला. निकाल असा की औषध द्यायला हरकत नाही, अगदी लहान बाळालाही. विभागाने त्यावरून नवा नियम केला. सोमवारपासून धाप लागलेल्या प्रत्येक तान्ह्या बाळाला ते औषध सुरू करायचं असं ठरलं. पुढच्या महिन्यात माझी प्रमोशनची मुलाखत होती आणि त्या अर्जात हा आढावा पहिल्या नंबरवर होता. मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

त्या सोमवारच्या आदल्या शुक्रवारी, दुपारी, बाई वॉर्डाचा जिना चढून आल्या.

मी सात नंबरच्या कॉटपाशी उभी होते. सहा आठवड्यांची मुलगी, छातीचा भाता चाललेला, शेजारी स्टुलावर तिची आई. बाईंनी सलाइनच्या नळीकडे बघायचं टाळलं, शोधवही पोटाशी धरली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, दोन मिनिटं बाहेर येता?"

बाहेर व्हरांड्यात त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांनी त्या निवृत्त होणार होत्या. नव्या ग्रंथपालाच्या हाती सगळं सोपवायचं, म्हणून नेमाप्रमाणे एकेक शोध पुन्हा चालवून बघत होत्या. माझाही बघितला. तेच शब्द, तीच शेवटची तारीख, तीच चाळणी. दहा महिन्यांपूर्वी वहीत आकडा होता बाराशे चौदा. आता आला बाराशे त्रेपन्न.

"म्हणजे? नवे लेख आले असतील."

"शेवटची तारीख तीच ठेवली, डॉक्टर. मागच्या तारखेला आता कोण लेख छापणार?" त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "उंदीर काढायला मी 'फक्त माणसांवरचे' ही चाळणी लावली. लेख नवा असला की त्यावर तो कशावरचा आहे याची चिठ्ठी चिकटायला काही महिने जातात. चाळणी चिठ्ठी बघते. चिठ्ठी नसलेला लेख माणसावरचा असला तरी गळतो. 'उंदीर' अशी चिठ्ठी असलेले तेवढेच काढायचे असतात. मी तीस वर्षं मुलांना हेच शिकवते, आणि मीच चुकले. तेव्हा एकोणचाळीस लेख गळले; आता त्यांना चिठ्ठ्या लागल्यात, म्हणून दिसले. सगळे त्या वर्षातले, सगळ्यांत नवे."

मी घाबरले की ते रागाच्या रूपाने बाहेर पडतं, ही माझी जुनी खोड.

"बाराशेत एकोणचाळीस," मी म्हटलं. "त्यात असं काय मोठं निघणार आहे?"

"ते वाचल्याशिवाय मला कसं कळेल?"

"बाई, तुम्ही पंधरा दिवसांनी घरी जाणार. मला इथेच राहायचंय. जाता जाता माझ्या कामात बिब्बा घालायलाच हवा का? तुमचं काम लेख आणून द्यायचं. त्यातलं बाकी तुम्हाला काय कळतं?"

स्टुलावरच्या त्या आईने दारातून वळून बघितलं, इतका माझा आवाज चढला होता.

बाईंनी चष्मा काढला. "आणून द्यायचे होते," त्या म्हणाल्या. "तेच तर दिले नाहीत ना मी." वही त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली, वर एकोणचाळीस लेखांची यादी ठेवली आणि जिना उतरून गेल्या. कठडा धरून, एकेक पायरी.

संध्याकाळचा राउंड आटोपून मी ती वही उघडली. मला त्यांची चूक माझ्या डोळ्यांनी बघायची होती, म्हणजे रागवायला बरं. तारीख सापडली. शब्द, ठिकाणं, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. आणि शेवटी, बाजूच्या समासात, बारीक अक्षरात: 'डॉक्टरांना उंदीर नकोत. घाईत आहेत. चाळणी लावली.'

व्हरांड्यात बाईंनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मी उगीचच पुढची पानं उलटत बसले. खरं तर मला ते पान बघवत नव्हतं. बरीच पानं पुढे एक नोंद दिसली. तारीख मी त्यांना 'तशी पद्धत नाही' म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. कोण आलं, या रकान्यात लिहिलं होतं 'स्वतः'. प्रश्न: 'माझं नाव कुठे छापून आलं आहे का?' कुठे शोधलं, तर आमच्या सगळ्या ठिकाणी. शब्द: माहेरचं नाव, सासरचं नाव, आद्याक्षरांसह, आद्याक्षरांशिवाय. सापडले: शून्य.

मी वही मिटली. मला माझी इतकी लाज वाटली की मी दिवाही न लावता तशीच बसून राहिले.

शनिवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत यजमान डोळ्याला भिंग लावून बसले होते, भिंतीवर पंचवीस-तीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. मला बघून त्यांनी भिंग काढलं.

"या डॉक्टरबाई. बरं झालं आलात. कालपासून हिचं जेवणात लक्ष नाही. मी समजत होतो, नोकरी संपतेय म्हणून."

"माझ्यामुळे आहे," मी म्हटलं.

"असं का?" ते म्हणाले आणि पुन्हा भिंग लावलं. "मग आत जा, आणि तुम्हीच मिटवा."

आत बाई टेबलाशी बसल्या होत्या. एकोणचाळीस लेख छापून, टाचण्या लावून तयार. माफी मागायला मी वाक्य जुळवून आले होते, ते दारातच गळून पडलं. "चुकलं माझं, बाई," एवढंच निघालं. त्यांनी समोरची खुर्ची ओढून दिली.

"अर्धे तुम्ही घ्या, अर्धे मी," त्या म्हणाल्या. "मग अदलाबदल. एकीने वाचलेलं दुसरीनेही वाचायचं."

"तुम्ही म्हणता तसं."

पहिल्या सोळांत काही नव्हतं. माझा जीव जरा भांड्यात पडायला लागला होता. सतरावा बाईंच्या हातात होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. छोटासा अभ्यास, कुठल्याशा लहान हॉस्पिटलातला, पण नीटनेटका. तीन महिन्यांच्या आतली बाळं. त्यांना हे औषध दिल्यावर दर दहांत दोघांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावले होते. मोठ्या बाळांत असं काही नाही.

मला सात नंबरची कॉट दिसायला लागली. सहा आठवडे.

"मी निघते, सरांना गाठते," मी उठले.

"बसा," बाई म्हणाल्या. "बावीस राहिलेत. त्यांत याच्या उलट सांगणारा निघाला तर?"

आम्ही बावीसही वाचले. दुपार टळून गेली. यजमान दोनदा चहा ठेवून गेले, दोनदा गार झालेला घेऊन गेले. उलट सांगणारा एकही निघाला नाही. तशाच बाळांना जपून द्या, असं म्हणणारा आणखी एक निघाला.

सोमवारी औषध सुरू झालं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, आता पुन्हा बिनपाण्याने. त्यांनी फक्त विचारलं, "हे तुला सापडलं?" मी म्हटलं, "बाईंना." त्यांनी मान हलवली. तीन महिन्यांच्या आतल्या बाळांना नियमातून वगळलं. सात नंबरच्या मुलीला आम्ही जुन्या पद्धतीने, ऑक्सिजनवर ठेवून, हळूहळू बाहेर काढलं. औषध दिलं असतं तर तिला काही झालं असतंच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. द्यावं लागलं नाही, एवढंच सांगते.

राहता राहिली जर्नलला पाठवायची दुरुस्ती. चूक कशी झाली ते त्यात लिहावं लागतं. मी लिहून नेलं, की पहिल्या लेखिकेने, म्हणजे मी, घाई करून चाळणी लावायला लावली. बाईंनी पेन उघडलं आणि ती ओळ खोडली.

"बाई, वहीत तसंच लिहिलंय. मी वाचलं."

"तुम्ही उंदीर नकोत म्हणालात. कसे काढायचे हे तुम्ही कुठे सांगितलं? डॉक्टरांनी प्रश्न विचारायचा. चाळणी कुठली, ते मी ठरवायचं. ते माझं काम आहे."

"म्हणून सगळा दोष तुमच्या अंगावर घ्यायचा?"

"मी तुम्हाला वाचवत नाहीये, डॉक्टर," त्या जरा कडकच बोलल्या. "काम माझं होतं तर चूकही माझी. चूक तुमची म्हटलीत तर मग मी काय केलं दीड महिना?"

शेवटी छापून आलं ते असं: शोध बाईंनी केला, त्यात ही चूक राहिली, ती त्यांनीच पुन्हा तपासताना शोधली, आणि निकाल असा बदलतो. खाली सही दोघींची. पहिली त्यांची; तेवढ्यावर मात्र मी अडून बसले. मुलाखतीत मला त्या पाठवलेल्या दुरुस्तीवरून अर्धा तास सोलून काढलं आणि त्या वर्षी प्रमोशन हुकलं. पुढच्या वर्षी मिळालं. नवा आढावा आम्ही आता लिहायला घेतलाय, आणि त्यात दुसरं नाव कुणाचं हे मी कुणाला विचारायला गेलेली नाही.

दुरुस्ती छापून आली तेव्हा बाई निवृत्त होऊन चार महिने झाले होते. मी तो अंक घेऊन घरी गेले. बाईंनी ते अर्धं पान वाचलं. मग यजमानांच्या हातात दिलं. त्यांनी भिंग लावलं आणि घड्याळाच्या चाकांकडे बघावं तसं बारकाईने बघितलं.

"तुझं नाव आहे," ते म्हणाले. "पण चुकीखाली आहे गं."

"असू दे," बाई म्हणाल्या. "वाचा ना नीट. शोध कुणी केला म्हणून लिहिलंय?"

त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने, आडनावासकट. बाई ऐकत होत्या.

मग त्या आत जाऊन एक निळी वही घेऊन आल्या. नव्या ग्रंथपालाला सगळ्या वह्या दिल्या होत्या, ही एक मागून आणली होती म्हणे, दोन दिवसांच्या बोलीवर. "डॉक्टर, तुमचा लॅपटॉप आणलाय का? एक जुना शोध पुन्हा चालवायचा राहिलाय."

कुठला, ते मी विचारलं नाही. लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. माहेरचं नाव, सासरचं नाव, आद्याक्षरांसह, आद्याक्षरांशिवाय. एकेक अक्षर बोटाने शोधत त्यांनी टाकलं. यजमान हातातलं घड्याळ खाली ठेवून मागे येऊन उभे राहिले. मला काहीच दिसेना, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसतही नव्हते.

बाईंनी वहीत ते पान काढलं. जुन्या नोंदीखाली आजची तारीख घातली, 'तेच शब्द, तीच ठिकाणं' असं लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात, सापडले: एक.